मशीनला आरएनए दिसतच नाही!

करोनाच्या काळात 'सीटी किती आली?' हा प्रश्न आपल्याकडे 'ताप किती आहे?' इतका सहज झाला होता. आकडा कमी म्हणजे विषाणू जास्त, एवढं सगळ्यांना पाठ. माझा राग त्या सामान्य माणसांवर नाहीये. ज्यांचे शोधनिबंध या आकड्यांवर उभे असतात आणि तरी तो आकडा आला कसा हे जे दाखवत नाहीत, त्यांच्यावर आहे.

मुळात क्यूपीसीआरच्या मशीनला आरएनए दिसतच नाही. त्याला दिसतो तो डीएनए वाढेल तसा वाढणारा प्रकाश. म्हणून आधी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाचं एन्झाइम वापरून आरएनएवरून डीएनएची नक्कल काढायची आणि मग ती दर फेरीला दुप्पट करत न्यायची. प्रकाशाने ठरलेली रेषा ज्या फेरीत ओलांडली, ती सीटी. एका फेरीचा फरक म्हणजे मूळ मालात दुपटीचा फरक, साधारण ३.३ फेऱ्यांचा म्हणजे दहापट.

हे झालं पुस्तकातलं. दर फेरीला दुपटीऐवजी १.९ पटच वाढ झाली, तर ३० फेऱ्यांनंतर अपेक्षेच्या जेमतेम पाचवा हिस्सा हाती येतो. कॅल्क्युलेटरवर ०.९५ चा ३० वा घात काढून बघा!

पण याहून मोठी गडबड वेगळीच. २००२ साली डब्लिनच्या एका लॅबने जाहीर केलं, की आतड्याचा विशिष्ट विकार असलेल्या ९१ पैकी ७५ रुग्णांच्या आतड्यात गोवराचा विषाणू सापडला. एमएमआर लशीने ऑटिझम होतो म्हणणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. २००७ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या लस-भरपाई न्यायालयात स्टीफन बस्टिन या तज्ज्ञाने साक्ष दिली. त्याने लॅबच्या वह्या आणि कच्चा डेटा तपासला होता. गोवराचा विषाणू आरएनएचा, त्याला डीएनएची अवस्थाच नसते. म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शनची पायरी गाळली तर काहीच दिसायला नको. इथे पायरी गाळूनही सिग्नल येत होता! अर्थ एकच, नळीत बाहेरचा डीएनए शिरला होता. २००८ मध्ये त्या लॅबसकट तीन लॅब्जनी नव्याने तपासणी केली, तेव्हा ऑटिझम असलेल्या आणि नसलेल्या मुलांत फरक सापडला नाही. २००९ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला.

आमच्या धंद्यात फंक्शन कॉमेंट करूनही टेस्ट पास होत असेल, तर ती टेस्ट फेकून देतात. इथे मात्र 'सगळे असंच करतात', 'निबंधात जागा नव्हती' ही उत्तरं खपतात. अहो, एक जादा नळी लावायची आणि तिचा निकाल छापायचा, त्याला किती जागा लागते? बस्टिन आणि मंडळींनी २००९ मध्येच 'एमआयक्यूई' नावाची यादी दिली : एन्झाइमशिवायचा कंट्रोल, वाढीचा खरा दर, तुलनेसाठी पारखून घेतलेली जीन्स. २०२५ साली तिची सुधारित आवृत्ती आली, आणि तक्रार अजून तीच.

माझं म्हणणं साधं आहे. ही माहिती नसेल तर संपादकांनी निबंध परत पाठवावा, नाव कितीही मोठं असो. नळीतल्या त्या घाणीपायी कित्येक आईबाप 'आपणच पोराला लस टोचली' म्हणून वर्षानुवर्षं स्वतःला दोष देत बसले. त्यांना कच्चा डेटा कुणी दाखवला होता?