दुसरी ड्रिल

ड्रिल म्हटलं की आम्हा एनडीएवाल्यांना खडकवासल्याचं ड्रिल स्क्वेअर आणि उस्तादांचा आवाज आठवतो. आजचा विषय मात्र भिंतीला भोक पाडणाऱ्या ड्रिलचा. दर दोन-तीन वर्षांनी बदली होते, काळ्या ट्रंका नव्या क्वार्टरमध्ये उतरतात, आणि आधीच्या घरातला एकही पडद्याचा रॉड इथे बसत नाही. मग युनिटमधून एखादा जवान बोलावला जातो. माझ्या मते हे त्याचं काम नाही. पडदे आपले, तर भोकंही आपणच पाडावीत. त्याला फार पैसे लागत नाहीत.

"सर, कुठलं मशीन घेऊ?" असं नवे कॅप्टन विचारतात. मी उलट विचारतो, भिंत कसली?

बहुतेक छावण्यांत वीट आणि सिमेंटचा गिलावा. तिथे वायरवालं, ५०० ते ६०० वॉटचं, १३ मिमी चकचं इम्पॅक्ट ड्रिल पुरतं. ट्रिगर दाबावा तसा वेग वाढणारं, उलट फिरणारं आणि हॅमर बंद करता येणारं हवं. दोन-तीन हजारांत मिळतं. पण पडद्याचा रॉड नेमका खिडकीवरच्या काँक्रीटच्या लिंटेलमध्ये जातो, आणि तिथे नवशिक्याला वाटतं मशीनच कुचकामी. बहुतेक वेळा दोष बोथट बिटचा असतो. कार्बाइड टोकाचं चांगल्या प्रतीचं ६ मिमी बिट लावा, मधूनमधून बाहेर काढून धूळ काढा, जमतं. चार भोकांसाठी मोठं रोटरी हॅमर विकत घेऊ नका. मशीनवर पाचशे रुपये वाचवा, बिटवर वाचवू नका.

ईशान्येकडे आसाम टाइप घर मिळालं तर सगळं उलटं. भिंत इकऱ्याची, म्हणजे बोरूसारख्या गवताची, वरून गिलावा. हॅमर चालवलात तर ढलपेच हातात येतील, आणि प्लास्टिकचा प्लग, ज्याला उत्तरेकडे गिट्टी म्हणतात, तिथे धरतच नाही. भिंतीवर ठोकत जाऊन लाकडी खांब शोधायचा, ३ मिमीचं भोक पाडायचं आणि स्क्रू थेट लाकडात. जुन्या बंगल्यांतल्या चुन्याच्या भिंतीत हॅमर बंद ठेवून सुरुवात करा आणि प्लग लांब घ्या, विटेपर्यंत पोचणारा.

बॅटरीवालं ड्रिल दिसायला देखणं. स्क्रू पिळायला, लाकडाला उत्तम. पण फौजी सामान महिनोन्‌महिने बांधलेलं राहतं. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या मशीनला चालत नाही, आणि लेहच्या हिवाळ्यात शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर ती खराब होते. पहिलं मशीन वायरचंच घ्यावं.

आणि ते निवडावं कोणी? नवरा फील्डमध्ये असताना एसएफ क्वार्टरमध्ये दोन-दोन वर्षं बायको एकटी घर चालवते. दुकानदार मात्र साहेबांकडे बघून सगळ्यात जड मशीन पुढे करतो. जिला ते स्टुलावर उभं राहून डोक्याच्या वर धरायचंय तिने आधी हातात घेऊन बघावं. दीड आणि अडीच किलोतला फरक पाच मिनिटांत खांद्याला कळतो. माझ्या बऱ्याच मित्रांच्या घरी मशीन आहे, पण सुट्टीवर येईपर्यंत ते कपाटातच असतं. ते खेळणं झालं.

जपायचं एवढंच: स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, वायर तिथूनच गेलेली असते. डोळ्यांना गॉगल हवा, ओढणी सोडलेली नको. घरात आरसीसीबी असेल तर त्याचं टेस्ट बटण आधी दाबून बघा.

मार्चिंग आउटच्या आठवडाभर आधी सगळी भोकं पुट्टीने बुजवून वरून रंगाचा हात मारा. एमईएसचा माणूस भिंतीवरून हात फिरवतोच.