सुईच्या बिटाचा मोह

नरसोबाच्या वाडीत नदीचे पाणी दत्तमंदिरात शिरून दक्षिणद्वार सोहळा झाल्याची बातमी दर पावसाळ्यात येते. पाणी त्याच्याही वर सरकू लागले, की शेजारच्या कुरुंदवाडात तळमजल्यावरचे सामान माडीवर चढते. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी ही सवय लावली आहे. पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही अंगावर घेणाऱ्या गावात दुरुस्तीच्या दुकानांचा हंगाम पूर ओसरल्यावर सुरू होतो. टीव्ही, इन्व्हर्टर, शेतीपंपाच्या स्टार्टरमधला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, दूध संस्थेचा वजनकाटा, फॅट मशीन असे सगळे टेबलावर येऊन पडते.

या बोर्डांवर पुराने केलेले नुकसान बहुतेक वेळा भरून निघते. दुरुस्तीत आपण करतो ते नुकसान मात्र भरून निघणे अवघड. त्यातले निम्मेअधिक सोल्डरिंग आयर्नच्या बिटाच्या निवडीतून होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नेहमीचे चित्र बघा. गाळ धुऊन काढलेला बोर्ड, पॅडवर हिरवट थर, आणि 1.27 मिलिमीटर अंतराने पाय असलेली आयसी. काम नाजूक म्हणून कारागीर डब्यातले सर्वांत टोकदार, सुईसारखे बिट काढतो. टोक पायाला टेकवतो. सोल्डर वितळत नाही. स्टेशनचा नॉब 350 वरून 400 वर, मग 450 वर जातो आणि हाताचा दाब वाढतो. शेवटी सोल्डर वितळते, पण तोवर पॅडखालचा डिंक सैल झालेला असतो. आयसीबरोबर पॅडही उचलून येतो आणि मग जंपरची वायर शोधायची वेळ येते.

सोल्डर वितळायला इतके तापमान लागतच नाही. 63/37 ची तार 183 अंशांना वितळते, शिसेविरहित साधारण 217 ते 220 ला. अडते ते उष्णता पोचण्यापाशी. अर्ध्या मिलिमीटरच्या गोल टोकाने पॅडला जेमतेम एक ठिपका टेकतो. बिटाच्या पोटात उष्णता भरपूर असली, तरी त्या चिंचोळ्या मानेतून ती उतरत नाही. ग्राउंडचे रुंद तांबे असेल तर पॅड तिकडून जितकी उष्णता ओढून नेतो, तितकीही सुई देऊ शकत नाही. भिंगाखाली अशा बिटाकडे नीट बघा. सोल्डरचा थेंब टोकावर थांबत नाही, मागे सरकून मानेवर जाऊन बसतो. टोक काळे, कोरडे. काम जिथे करायचे तिथेच सोल्डर नाही.

म्हणून बिटाची रुंदी पॅडच्या रुंदीइतकी, किंवा जराशी कमी ठेवावी. 1.6 मिलिमीटरचे चपटे, छिन्नीच्या आकाराचे बिट रोजच्या बहुतेक कामाला पुरते. कनेक्टर आणि ग्राउंडसाठी 2.4 चे. ज्या आयसीच्या पायांत अर्धा मिलिमीटरच अंतर आहे तिथे मात्र पॅडच्या रुंदीचा नियम सोडून हमखास जाड बिटच लागते! तिरपे कापलेले बेव्हल बिट, भरपूर फ्लक्स आणि पायांवरून एका दिशेने हलका हात. पाय एकमेकांना चिकटले तर फ्लक्स लावून तेच बिट पुन्हा फिरवा, जास्तीचे सोल्डर ते ओढून घेते. नाजूकपणा बिट पॅडला किती वेळ टेकले यात आहे. दोन-तीन सेकंदांत सांधा झाला तर बिट बरोबर. पाच सेकंद लागत असतील तर नॉबला हात लावण्याआधी बिट बदला. हिरवट पॅड आधी फायबरच्या ब्रशने घासून, आयसोप्रोपिलने पुसून घ्या. गंजावर सोल्डर धरत नाही, तिथे कोणतेही बिट हरते.

सुईचे बिट टाकून द्या असे म्हणणे नाही. तुटलेल्या ट्रॅकवर केसाएवढी इनॅमलची तार टाकताना किंवा दोन उंच कपॅसिटरच्या मधे शिरताना ते लागते. हीटर थेट बिटातच असलेले टी-12 सारखे कार्ट्रिज घेतले तर बारीक टोकही बऱ्यापैकी गरम राहते. साध्या 936 धर्तीच्या स्टेशनवर मात्र बिट हीटरवर सैल बसले, की मधल्या हवेमुळे स्टेशनवरच्या आकड्यात आणि टोकाच्या तापमानात मोठा फरक पडतो.

अजूनही 25 वॅटची साधी आयर्न वापरणारे पुष्कळ आहेत. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज 230 वरून 180 वर आले, तर ती 25 वॅटची आयर्न जेमतेम 15 वॅटची उरते. त्यात सुईचे बिट लावले तर दोष कुणाला देणार?

राहिली निगा. आतले तांबे झाकायला बिटावर लोखंडाचा मुलामा असतो, कारण तांबे कथिलात हळूहळू विरघळते. साधे तांब्याचे बिट कानशीने तासून चालते. मुलाम्याच्या बिटाला कानस लागली की ते संपले. काळे पडलेले टोक नवसागराच्या वडीवर घासून लगेच सोल्डरने मढवा. कल्हईवाला भांड्याला हेच करत आला आहे. फक्त तो नवसागर बोर्डवर येऊ देऊ नका, नाहीतर पुराने सोडलेले गंजाचे काम तो पुरे करील. काम संपल्यावर टोक पुसून ठेवायची उलटी सवय पुष्कळांना आहे. ठेवताना टोकावर सोल्डरचा जाड थर हवा.

पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेलात तर स्वस्त बिटांची पाकिटे दिसतील. त्यातले एखादे मेलेले बिट करवतीने कापून बघा. आत लालसर तांबे दिसले नाही, तर तो माल पुन्हा घेऊ नका. पावसाआधी 1.6 चे चपटे आणि एक बेव्हल, अशी दोन चांगली बिटे घेऊन ठेवा. आणि दुकानातल्या शिकाऊ पोराच्या हाती सुरुवातीलाच ही चांगली बिटे द्या, टाकाऊ बोर्डावर त्याला मनसोक्त सराव करू द्या.