चार्जशीटआधी मेंदू तपासा

पन्नाशीपर्यंत मान खाली घालून नोकरी केलेला माणूस एकाएकी साहेबाला वाटेल ते बोलतो, ड्यूटी अर्ध्यावर टाकून निघून जातो, परक्या बाईची चारचौघांत थट्टा करतो, मिठाईचा अख्खा डबा एका बैठकीत संपवतो. रेल्वे, आयुध निर्माणी आणि दीपनगरच्या वीज केंद्रावर पोट असलेल्या भुसावळात अशा माणसाच्या हाती आधी चार्जशीट पडते. घरचे दारू, बाहेरची बाधा नाहीतर म्हातारचळ म्हणून मोकळे होतात. मेंदूची शंका फारशी कोणी घेत नाही, कारण स्मृतिभ्रंश म्हणजे विसरणं अशी आपली पक्की समजूत आहे. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात मात्र स्मरणशक्ती सुरुवातीला बऱ्यापैकी शाबूत असते. आजची तारीख, नातवाचं नाव सगळं सांगता येतं. टाऊ किंवा टीडीपी-४३ ही प्रथिनं पेशींत साचतात आणि झिजतो तो कपाळामागचा व कानशिलाजवळचा भाग. म्हणजे लाज, दुसऱ्याची कदर आणि स्वतःवरचा लगाम सांभाळणारी यंत्रणा. हा आजार बहुधा ४५ ते ६५ या वयात, ऐन नोकरीत गाठतो. प्रागच्या अर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्येच कानशिलाचा भाग आक्रसलेल्या रुग्णाची नोंद केली होती.

यावर कोणी म्हणेल, मग प्रत्येक कामचुकार मेंदूचं निमित्त पुढे करेल. करू दे की! सोंग एमआरआयमध्ये उमटत नाही. सुरुवातीचा स्कॅन कधी निर्दोष येतो, हे खरं. म्हणूनच बायकोला विचारायचं, ‘हे आधी असे होते का?’ आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं. आजार दुर्मीळ आहे आणि त्यावर औषध नाही, हेही खरं. पण निदान झालं तर अल्झायमरची गोळी उगाच चालू राहत नाही (ती इथे उपयोगाची नसते, कधी त्रासच वाढवते), लगाम सुटलेल्या खर्चातून बँकेतली पुंजी वाचते. शिवाय अपंग हक्क कायदा, २०१६ चं कलम २०(४) सांगतं की सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. बडतर्फी झाली तर पेन्शनही जाते, आणि शिक्षा भोगते ती बायको. शिवाय निर्णयशक्ती गेलेला माणूस इंजिनावर वा सिग्नलवर असेल, तर प्रश्न प्रवाशांच्याही जिवाचा आहे. कर्मचाऱ्यांचे डोळे ठरावीक मुदतीनं तपासणाऱ्या रेल्वेनं, निष्कलंक नोकरी केलेल्याचा स्वभाव उतारवयात पालटला, तर चौकशी अधिकारी नेमण्याआधी त्याला न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवावं.