मैदान आणि मार्कशीट

दहावीचा निकाल लागला की खेळणाऱ्या पोरांच्या घरात एकच प्रश्न निघतो, ‘आता अभ्यास की खेळ?’ पहाटे तालमीत जोर-बैठका मारून आलेला पोरगा कोचिंगच्या वर्गात मागच्या बाकावर पेंगतो आणि दोन्हीकडे बोलणी खातो. दोष त्याचा नसतो, वेळापत्रकाचा असतो. निवड शिबिर आणि बारावीची परीक्षा एकाच महिन्यात आली, तर त्याने करायचं काय? खरं तर मधली वाट आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून बारावी करता येते. नोंदणी पाच वर्षं चालते आणि विषय एकेक करून सोडवता येतात. पुढे नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ पदवीला आहेच. खेळातच राहायचं तर ग्वाल्हेरला लक्ष्मीबाई संस्थेत शारीरिक शिक्षणाची पदवी मिळते आणि पदवीनंतर पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाचा डिप्लोमा करता येतो. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, रेल्वेत तिकीट तपासनीस झाला आणि 2024 मध्ये पॅरिसहून नेमबाजीचं कांस्यपदक घेऊन आला. पण सगळेच पॅरिसला जात नाहीत; गुडघा दुखावला की खेळ एका दिवसात थांबतो. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे खरं, पण तिथेही पदाला लागणारी शैक्षणिक पात्रता हवीच. म्हणून पालकहो, खेळ सोडवू नका आणि शिक्षणही तोडू नका. फक्त कॉलेज निवडताना कट-ऑफच्या आधी सरावाची वेळ विचारा.