सोळा ते अठरा

वाहन चालविण्याचा परवाना कोणत्या वयात द्यावा, हा प्रश्न एखादा भीषण अपघात घडल्याखेरीज आपल्याकडे कोणी विचारीत नाही, आणि विचारलाच तर शोक व संताप यांच्या भरात त्याचे उत्तर केवळ शिक्षेच्या भाषेत दिले जाते. १९ मे २०२४ रोजी उत्तररात्री पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. ती मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता असा आरोप झाला, आणि त्याला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट बाल न्याय मंडळाने घातल्याचे कळताच सारा महाराष्ट्र क्षुब्ध झाला. तो क्षोभ सर्वथा रास्त होता. मात्र त्या महागड्या मोटारीकडे बोट दाखविताना आपल्याच दारातल्या स्कूटरकडे आपण पाहिले नाही, याची मला अधिक चिंता वाटते.

तालुक्याच्या कोणत्याही गावी सकाळी साडेसहाच्या सुमारास खासगी शिकवणीवर्गाच्या फाटकाशी उभे राहावे. पाठीला दप्तरे लावलेली तीन मुले एकाच स्कूटरवरून येतात, चालविणाऱ्याचे पाय गाडी थांबविताना जमिनीला जेमतेम टेकतात, आणि हेल्मेट आणलेच असेल तर ते आरशाला अडकविलेले असते. ही मुले उनाड नसतात. अभ्यासासाठीच पहाटे उठून आलेली असतात, आणि किल्ली त्यांच्या हाती आईवडिलांनीच दिलेली असते.

कायद्याच्या दृष्टीने हे कृत्य किरकोळ नाही. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अज्ञान मुलाने केलेल्या गुन्ह्यासाठी पालक अथवा वाहनमालक यांस दोषी मानले जाते. तीन वर्षांपर्यंत कारावास, पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही, अशी ही तरतूद आहे. अपघात झालाच तर जखमीला दिलेली भरपाई गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची मुभा विमा कंपनीला मिळू शकते, आणि सामान्य कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी त्यात जाते. इतके असूनही किल्ली दिली जाते, याचे कारण केवळ बेफिकिरी नव्हे; पहाटे वर्गाला पोहोचविणारे दुसरे साधन नसते, आणि खुद्द कायद्यातही एक पोकळी आहे.

याच अधिनियमाने सोळाव्या वर्षी एक पायरी ठेवली आहे: ५० घन सेंटीमीटरपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी त्या वयात परवाना घेऊन चालविता येते. पुण्याच्या कायनेटिक कंपनीची १९७२ साली आलेली लुना घरोघरी होती, त्या काळी या तरतुदीला अर्थ होता. आज तशी पेट्रोलची नवी गाडी बाजारात जवळजवळ दुर्मीळ झाली असून घराघरांतील स्कूटर ११० घन सेंटीमीटरच्या आसपासची आहे. दुसरीकडे २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतील विजेच्या दुचाकीला कायदा मोटार वाहनच मानीत नाही. सबब तिला परवाना नाही, नोंदणी नाही, परीक्षाही नाही. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलापुढे एका बाजूस मुळीच शिस्त नाही आणि दुसऱ्या बाजूस सरसकट मनाई, आणि ज्या वयात शिस्त अंगी बाणायची ते वय मधल्या मध्ये वाया जाते.

अठराची मर्यादा खाली आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे; वेगाचा मोह आणि सोबत्यांपुढील फुशारकी यांना आवर घालणारी विवेकबुद्धी त्या वयात अपक्वच असते. परंतु अठरा वर्षे पूर्ण होताच शिकाऊ परवाना, तीस दिवसांची प्रतीक्षा, परिवहन कार्यालयाच्या मैदानावर आठाचा आकडा, आणि लगेच महामार्ग, हा आजचा मामूलही घातकच आहे. न्यूझीलंडने १९८७ पासून परवाना टप्प्याटप्प्याने देण्याची पद्धत घातली: आरंभी अनुभवी चालक शेजारी असलाच पाहिजे, पुढे एकट्याने चालविता येते, पण रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत नाही आणि सोबत प्रवासी घेऊन नाही. तीच तजवीज आपल्या सोळा ते अठरा या दोन वर्षांसाठी करावी. वेगमर्यादा यंत्रातच बांधलेली दुचाकी, सक्तीचे हेल्मेट, मागे कोणी बसणार नाही ही अट, रात्रीची मनाई आणि रीतसर परीक्षा, यांसह मर्यादित परवाना द्यावा, आणि अठराव्या वर्षीचा पूर्ण परवाना त्या दोन वर्षांच्या निष्कलंक नोंदीवर अवलंबून ठेवावा. संसदेने पन्नास घन सेंटीमीटरची ती जुनी अट या नव्या रूपात लिहून काढावी.

तोवर राज्य सरकारच्या हातात एक गोष्ट आहे. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो, पण पहाटेच्या वर्गाला वेळेवर पोहोचविणारी गाडी किती फाट्यांवर येते? आगारप्रमुखांनी महाविद्यालयांच्या आणि शिकवणीवर्गांच्या वेळा मागवून पहाटेचे वेळापत्रक येत्या जूनपूर्वी नव्याने आखावे.