'छान'च्या पलीकडे

मागच्या वर्षी आपल्याच मासिकात हॉस्टेलच्या मेसवर एक लेख आला होता. लेखकाने आमटीचं भरभरून कौतुक केलं होतं. वाटीचा तळ कसा स्वच्छ दिसतो, डाळ कुठेही गर्दी करत नाही, वगैरे. मी तो वाचला आणि दुसऱ्याच दिवशी त्या सिनिअरला गाठून मनापासून सांगितलं, "किती पॉझिटिव्ह लेख आहे! मेसबद्दल इतकं चांगलं कोणीच लिहीत नाही." तो नुसता बघतच राहिला. आमच्या रूमवर हा किस्सा अजूनही पाहुण्यांना ऐकवला जातो.

हसा, हसा. पण मित्रांनो, यात माझा एकटीचा दोष नाही. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे इंग्रजी उताऱ्याखाली हमखास एक प्रश्न असायचा: लेखकाचा टोन कोणता? त्यासाठी टीचरनी पानभर यादी दिली होती. सार्कास्टिक, आयरॉनिकल, नॉस्टॅल्जिक, क्रिटिकल, इनडिफरंट... मी ती घोकून पाठ केली. त्यामुळे इंग्रजी लेखक रागावलाय की चिडवतोय, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. मराठीत मात्र माझ्याकडे दोनच शब्द होते: 'छान' आणि 'बोअर'. ज्या गोष्टीला नावच नाही, ती दिसणार तरी कशी?

दिवाळीच्या सुट्टीत आजीला हा किस्सा सांगितला. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "अगं, त्याने शालजोडीतले दिलेत, आणि तू नुसती शाल घेऊन आलीस!"

त्या दिवशी मी जर्नलच्या मागच्या पानावर आजीकडून शब्द लिहून घेतले. टोमणा, कोपरखळी, चिमटा, टोला. मिश्किल, खोचक, तिरकस, खवचट, कुत्सित. हळवा, भाबडा, कळवळ्याचा. त्रागा, उद्वेग. आजी काही मराठीची प्राध्यापक नाही. हे शब्द ती स्वयंपाकघरात, शेजारणींशी बोलताना रोज वापरते. म्हणजे यादी घरातच होती, मी कधी मागितली नव्हती!

आणि हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. मिश्किल माणूस गंमत करतो, पण त्याच्या मनात डंख नसतो. खोचक बोलणं टोचतं. कुत्सित बोलण्यात समोरच्याला कमी लेखण्याचा आनंद असतो. उपहासात आपण एखाद्याला हसतो. उपरोधात शब्द एक बोलतात आणि अर्थ उलटा असतो. (मेसची आमटी!) तटस्थ लेखक कुणाचीच बाजू घेत नाही, आणि कोरडा लेखक? त्याला काही वाटतच नाही. हे दोघे एकच समजणं म्हणजे त्यातल्या एकावर अन्यायच.

वर्कशॉपच्या भाषेत सांगू? साध्या फूटपट्टीवर १ मिलिमीटरच्या खालचं माप घेता येत नाही. व्हर्नियर कॅलिपर ०.०२ मिलिमीटरपर्यंत जातो. वस्तू तीच असते, फरक मापाच्या साधनात असतो. 'छान' ही फूटपट्टी आहे.

कोणी म्हणेल, शाळेत नऊ रस शिकवले होते ना? होते. पण रसाचा विचार मुख्यतः वाचणाऱ्याच्या अनुभवाचा असतो. लेखक विषयाकडे कसा बघतो, तो त्याचा सूर. हसू मिश्किल लेखनानेही येतं आणि कुत्सित लेखनानेही. 'हास्यरस' एवढंच लिहून आपण थांबलो तर या दोघांतला फरक पुसलाच गेला की!

पु. ल. देशपांड्यांचा अंतू बर्वा घ्या. 'व्यक्ती आणि वल्ली'मधला हा रत्नागिरीचा म्हातारा. पूर्वी मी त्याला 'विनोदी' म्हणून मोकळी झाले होते. या वेळी आजीची यादी शेजारी ठेवून वाचलं. अंतूचं बोलणं खवचट आहे, पण पु. लं.चा सूर खवचट नाही, तो हळवा आहे. त्या खवचटपणाखालचं एकटेपण लेखकाला दिसलंय. पात्राचा सूर वेगळा आणि लेखकाचा वेगळा, हे कळल्यावर शेवटी माझं हसू बंदच झालं.

कधीकधी तर सुरावर तुरुंगवास ठरतो. शिवराम महादेव परांजपे यांनी १८९८ साली पुण्यात 'काळ' साप्ताहिक सुरू केलं. सरकारवर उघड टीका करणं धोक्याचं होतं, म्हणून ते वक्रोक्तीने लिहायचे. वरवर स्तुती आणि आत घाव. माझ्यासारखी वाचक असती तर तिला ते राजनिष्ठ वाटले असते! पण वाचकांना सूर कळत होता. सरकारलाही कळला. १९०८ मध्ये परांजप्यांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली आणि पुढे १९१० मध्ये 'काळ' बंद पडला.

"पण इंजिनिअरला हे कशाला हवं?" असं माझा लॅब पार्टनर विचारतो. माझं म्हणणं असं, की आपण दिवसभर वाचतच असतो. अग्रलेख, नेत्यांची भाषणं, नोटीस बोर्ड, मित्रांचे मेसेज. त्यात कोण कळवळ्याने बोलतंय आणि कोण नुसता गहिवर आणतंय, हे ओळखता आलं नाही, तर आपल्याला कोणीही गुंडाळू शकतं. शिवाय वाद घालायलाही हेच शब्द लागतात. "लेख बोअर आहे" यावर पुढे बोलणंच खुंटतं. पण "लेखाचा सूर गरिबांविषयी तुच्छतेचा आहे" असं म्हटलं, तर मला वाक्य दाखवावं लागतं, आणि समोरच्यालाही वाक्य दाखवूनच ते खोडावं लागतं. तिथून खरी चर्चा सुरू होते.

संपादक मंडळाला एक नम्र सूचना. पुढच्या अंकातल्या पुस्तक परीक्षणांत 'छान', 'मस्त', 'अप्रतिम' आणि 'भारी' या चार शब्दांना बंदी घाला. सुरुवातीला हात अडखळेल, माझाही अडखळतो. तसं झालं तर घरी आजी-आजोबांना फोन लावा.

आणि हो, माझ्या या लेखाचा सूर कोणता, ते तुम्हीच ठरवा. खोचक म्हणा, भाबडा म्हणा, उपदेशाचा म्हटलंत तरी चालेल. फक्त 'छान' म्हणू नका!