नाव नसलेली बिऱ्हाडं

‘मुलींसाठी कॉट बेसिसवर जागा. रात्री दहानंतर दार बंद.’ पुण्यात आल्यावर तुमचंही पहिलं वाचन हेच ना? सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात मी अशीच दोन वर्षं काढली. एक कॉट, अर्धं कपाट आणि मालकीणकाकूंचे नियम!

पण परंपरा थोर आहे, बरं का. १९०५ मध्ये गायकवाड वाडा विकत घेण्याआधी लोकमान्य टिळकही विंचूरकर वाड्यात भाड्यानेच राहायचे. १८९२ मध्ये रेल्वेत भेटलेला एक तरुण संन्यासी काही दिवस तिथे त्यांच्याकडे उतरला. पुढे तो विवेकानंद म्हणून जगाला कळला, म्हणून तो मुक्काम आठवणीत राहिला. पण याच पेठांत वार लावून जेवलेली, घरोघरी माधुकरी मागून शिकलेली शेकडो मुलं? त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत.

माझा वाडा गेल्या वर्षी पडला. मालकांना फ्लॅट मिळाला, जुन्या भाडेकरूंनाही जागा मिळाली. कॉटवाल्या आम्ही तिघींनी फक्त बॅगा भरल्या. काकूंनी डिपॉझिट मोजून हातात ठेवलं, वर लाडूंचा डबा दिला.

तुमच्या कॉटचा पत्ता कुठेतरी लिहून ठेवा. शहर तो लिहिणार नाही!